अमेरिकन आडनावाची गाडी

आमच्या घरात गाडीवर बोलायचा हक्क पुरुषांचा आणि गाडी चालवायचं काम माझं, अशी वाटणी कधी झाली ते मला ठाऊक नाही. पण झाली खरी. शनिवारी दुपारची जेवणं उरकली की नवरा आणि त्याचा मित्र सोफ्यावर पाय पसरून बसायचे, बडीशेप तोंडात टाकायचे आणि एकच विषय घ्यायचे. अमेरिकन गाडी चांगली की जपानी? कुठली जास्त टिकते, कुठली दगा देते, कुठल्या कंपनीचं इंजिन चांगलं आणि कुठल्या कंपनीचे दरवाजे जड. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी स्वयंपाकघरात भांडी मशीनला लावता लावता ऐकत असे आणि हातातली पातेली जरा जास्तच आपटत असे.

कारण ज्या अमेरिकन गाडीबद्दल ही चर्चा चालायची ती नवऱ्याची नव्हतीच. कागदोपत्री त्याची, पण तो लीड्सच्या सेंटरमधल्या ऑफिसला ट्रेनने जायचा. गाडी घेतली होती माझ्या नोकरीसाठी. आणि त्या गाडीपायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात शिकले, पुण्यातच थोडी वर्षं काम केलं. मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून आधी मिशिगनला गेले. तिथे मला काम करायची परवानगी नव्हती. मग इंग्लंड. इथे परवानगी होती, पण रजिस्ट्रेशन हवं. त्यासाठी पुण्याच्या युनिव्हर्सिटीची पत्रं, जुन्या हॉस्पिटलची पत्रं, पुन्हा इंग्लिशची परीक्षा, पुन्हा इंटरव्ह्यू. या सगळ्यात वर्षं कशी गेली ते विचारू नका. लोक विचारायचे, 'तू काय करतेस?' आणि मी 'सध्या घरीच' म्हणायचे. ते 'सध्या' फार लांबलं होतं.

शेवटी लीड्समध्येच एका कम्युनिटी टीममध्ये नोकरी लागली. हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं आणि त्यांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं. कोणाचं खुब्याचं ऑपरेशन, कोणाला पॅरालिसिसचा झटका, कोणी नुसतंच पडून घाबरलेलं. दिवसाला पाच-सहा घरं. अट एकच होती. स्वतःची गाडी हवी आणि वेळेवर पोचायला हवं. सुरुवातीचे सहा महिने प्रोबेशन.

मला छोटी पेट्रोलची गाडी हवी होती. पण गाडी घ्यायला नवरा बरोबर आला आणि त्या सेकंडहँड गाड्यांच्या आवारात उभं राहून त्याने पुणेरी प्रश्न विचारला: ॲव्हरेज किती देते? आपल्याकडे मुलीच्या स्थळाची सुद्धा एवढ्या मनापासून चौकशी करत नाहीत. आणि ज्या गाडीचं ॲव्हरेज सगळ्यांत जास्त, ती डिझेलवरची आणि अमेरिकन कंपनीची निघाली. मग काय विचारता. आमचे हे मिशिगनमध्ये रमलेले. तिथे आमच्याकडे होडीएवढी एक अमेरिकन गाडी होती आणि तिने बर्फात आपल्याला कधी दगा दिला नाही, हे तो आजही सांगतो. तिथल्या बिल्डिंगखाली गरम पार्किंग होतं, हे सांगत नाही. मी म्हटलं, 'अरे, मला गावातल्या गावात फिरायचंय, दोन-दोन मैल.' तो म्हणाला, 'म्हणूनच तर ॲव्हरेज बघायचं.' झालं. गाडी घरी आली, मी तिच्या चाकाखाली लिंबं ठेवली आणि कामाला लागले.

त्याचा तो मित्र मूळचा नागपूरचा, नोकरी केंब्रिजला. महिन्यातून एक-दोनदा कामासाठी लीड्सला यायचा आणि शनिवारी आमच्याकडे जेवून परत जायचा. त्याची गाडी जपानी, आणि नुसती जपानी नावाची नाही, जपानमध्ये वापरलेली आणि जहाजाने इथे आणलेली. लंडनमधल्या इल्फर्डच्या एका माणसाकडून त्याने ती घेतली होती. तिकडेही स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे अडचण काही नाही. फक्त गाडी सुरू केली की आतली बाई जपानीत काहीतरी लांबलचक बोलायची. काय ते कोणालाच कळत नसे. मित्र दर वेळी मान झुकवून 'हो ताई' म्हणायचा आणि गिअर टाकायचा. रेडिओवर दोनच स्टेशनं लागायची, कारण तिकडचा रेडिओ वेगळा. पण गाडी एकदाही बंद पडली नव्हती आणि हे तो दर शनिवारी सांगायचा.

'पार्ट लागला तर काय टोकियोला जाणार?' नवरा विचारायचा.

'पार्ट लागतच नाही ना बे, तेच तर सांगून राहिलो. आणि तुझी गाडी अमेरिकन आहे कुठे? जोडली जर्मनीत, इंजिन इंग्लंडातलं, विकली यॉर्कशरात. अमेरिकेचं नुसतं आडनाव.'

'क्वालिटी आडनावावरच असते.'

'मग माझ्या आडनावावर मी केव्हाच मंत्री व्हायला पाहिजे होतो.'

असं तासन् तास. ऑक्टोबरात माझे सासरे पुण्याहून आले, तेव्हा या सोफ्यावर तिसरा माणूस बसायला लागला.

सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे होते. नवऱ्याने फारच आग्रह केला म्हणून सहा महिन्यांच्या व्हिसावर आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, कमी बोलणारे. पुण्यात त्यांनी एकच पांढरी गाडी वीसेक वर्षं वापरली आणि विकली तेव्हाही ती नव्यासारखी होती. त्या गाडीची गोष्ट मी लग्नाआधीच ऐकली होती. रोज सकाळी, कुठे जायचं असो वा नसो, ते खाली जाऊन ती सुरू करायचे, बॉनेटवर फडकं फिरवायचे आणि इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहायचे. अमेरिकन की जपानी हा वाद त्यांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आधी पुरता ऐकून घेतला. मग म्हणाले, 'गाडी बनवणाऱ्याची नसते रे. ठेवणाऱ्याची असते.' दोघांनी विषयच बदलला. मला फार बरं वाटलं.

बाबांचा दिवस इथे उगवता उगवायचा नाही. पहाटेच जाग यायची, बाहेर मिट्ट काळोख आणि थंडी. चहा व्हायचा, फोनवर पुण्याचा पेपर वाचून व्हायचा, तरी आम्ही उठलेलो नसायचो. मी त्यांना म्हटलं, पार्कात जा फिरायला. ते म्हणाले, पार्कात कोणी ओळखत नाही.

नोव्हेंबरात गाडीच्या काचांवर बर्फ धरायला लागलं. सकाळी मी प्लॅस्टिकची पट्टी घेऊन काच खरवडायचे, बोटं लालबुंद व्हायची आणि तोंडाने काहीबाही पुटपुटायचे, जे सासऱ्यांनी ऐकू नये. एक दिवस त्यांनी खिडकीतून ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी बाहेर पडले तर गाडी सुरू होती. काच लख्ख, आत ऊब, स्टिअरिंगसुद्धा गरम. ड्रायव्हरच्या सीटवर बाबा बसलेले, कानटोपी घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला बघून खाली उतरले आणि दार धरून उभे राहिले.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू. माहेर सोडल्यापासून माझ्यासाठी कोणी माझ्या आधी उठलं नव्हतं. मी म्हटलं, 'बाबा, कशाला उगीच थंडीत?' ते म्हणाले, 'इंजिन गार असताना गाडी हाकू नये. आणि तुझे हात बघितले मी काल.' त्या दिवसापासून हे रोजचं झालं. अर्धा-पाऊण तास आधीच ते खाली जायचे. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. रात्री झोपताना विचारायचे, 'उद्या किती वाजता निघणार?' कामाला लागलेल्या माणसासारखे.

आणि त्याच महिन्यात गाडीने मान टाकायला सुरुवात केली.

पहिल्यांदा चढावर. समोर एक नारिंगी दिवा लागला आणि गाडीतली ताकदच गेली. ॲक्सिलरेटर दाबते आहे आणि गाडी बैलगाडीसारखी. मागे बस, बसमागे रांग. कशीबशी बाजूला घेतली. त्या दिवशी ज्या आजी माझी वाट बघत बसल्या होत्या त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा पायऱ्या उतरणार होत्या. माझी वाट बघून बघून त्या पुन्हा पलंगावर जाऊन पडल्या. नंतर त्यांना पायऱ्यांपाशी आणायला मला आठवडा गेला.

घराजवळच्या गॅरेजने कुठलासा सेन्सर बदलला. दिवा गेला. थोड्या दिवसांनी परत लागला. या वेळी रिंग रोडवर, आणि गाडी उचलून न्यावी लागली. दोन पेशंट राहिले. गॅरेजवाल्याने दुसरा सेन्सर बदलला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नवरा म्हणाला, 'सेकंडहँडमध्ये असं होतं.' केंब्रिजचा मित्र फोनवर म्हणाला, 'अमेरिकन.'

माझ्या मॅनेजरने मला बोलावलं. बाई यॉर्कशरची, कामाला कडक पण मनाने वाईट नव्हे. तिने चहा दिला, तेव्हाच मी ओळखलं. ती म्हणाली, 'पेशंट तुझ्यावर खूश आहेत. पण मला तुझ्यावर भरवसा ठेवता आला पाहिजे. तू जाणार म्हटलं की तू गेलेली असली पाहिजेस.' जानेवारीत एका सोमवारी ती माझ्याबरोबर व्हिजिटला येणार होती. त्यानंतर प्रोबेशनचा निर्णय. तोवर आणखी एकदा असं झालं तर ही नोकरी मला झेपते का याचा विचार करावा लागेल, असं तिने स्वच्छ सांगितलं.

म्हणजे बेभरवशाची गाडी आणि शिक्का माझ्यावर. इतकी वर्षं 'सध्या घरीच' म्हणत काढली, ती काय याच्यासाठी? त्या दिवशी बसने घरी येताना मला मॅनेजरचा राग नव्हता आला. तिच्या जागी मी असते तर तेच बोलले असते. मला भीती वाटत होती. परत घरी बसायची भीती.

त्याच शनिवारी मित्र जेवायला आला. जेवण झालं, बडीशेप झाली आणि दोघं सुरू झाले. नवरा फोनवर कुठलंसं परीक्षण वाचून दाखवत होता, की विश्वासार्हतेत अमेरिकन कंपन्या आता किती सुधारल्यात. मित्र म्हणाला, 'वहिनींना विचार ना.'

मी हात पुसत बाहेर आले. म्हटलं, 'विचाराच. तुमची अमेरिका आणि तुमचं जपान दोन्ही घाला चुलीत. माझी नोकरी चाललीय. तीन घरच्या लोकांना मी येते सांगून गेले नाही. तिसऱ्यांदा झालं की मला घरी बसवणार आहेत. आणि तुम्ही इथे बसून गाड्यांच्या पत्रिका जुळवताय.'

मित्राने बडीशेपेची वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, 'वहिनी, माझी गाडी ठेवून जाऊ का? मी ट्रेनने जातो.' त्याने मनापासून विचारलं होतं. पण दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा इन्शुरन्स, ते काही जमणारं नव्हतं. बाबा सगळं ऐकत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, 'थंडीनेच होत असेल का गं हे?' मी म्हटलं, 'काय माहीत, बाबा.'

त्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते आणखी लवकर खाली जायला लागले. मी अंथरुणात असतानाच खालून इंजिनाचा आवाज यायचा. मला वाटायचं, चला, घरात एक माणूस तरी माझ्या बाजूने काही करतोय.

नवं वर्ष लागलं. ज्या सोमवारी मॅनेजर येणार होती त्याच्या आधीच्या शुक्रवारी दिवा परत लागला. नशिबाने शेवटचा पेशंट झाल्यावर. या वेळी मी घराजवळच्या गॅरेजला गेलेच नाही. टीममधल्या एकीने सांगितलेल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी ढकलल्यासारखी नेली. तिथल्या मेकॅनिक बाईने लॅपटॉप जोडला, जरा वेळ बघितलं आणि दोष काय आहे ते सांगायच्या आधी मलाच प्रश्न विचारायला लागली. कुठे चालवतेस? लांब जातेस का? मोटरवेवर शेवटची कधी नेलीस? मी म्हटलं, मोटरवेवर कधीच नाही. मग तिने विचारलं, 'घरासमोर उभी असताना चालू ठेवता का? बराच वेळ?'

मी 'नाही' म्हणाले आणि म्हणता म्हणताच मला बाबांची कानटोपी आठवली. 'म्हणजे हो, रोज सकाळी,' मी म्हटलं.

तिने समजावलं ते साधं होतं. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला एक फिल्टर असतो. गाडी बराच वेळ वेगात पळाली, चांगली तापली, की ती काजळी आपोआप जळून जाते. दोन-दोन मैल फिरलं की जळत नाही, साठते. आणि गार गाडी रोज सकाळी उभ्या उभ्या घुरघुरत ठेवली की साठतच जाते, साठतच जाते. ती म्हणाली, 'गाडीत काही दोष नाही. गाडी चांगली आहे. नुसती उभी करून ठेवलीय तिला.' तिने मशीन लावून फिल्टर जमेल तेवढा साफ करून दिला. मोटरवेवर अर्धा-पाऊण तास पळव म्हणाली, आणि हे सकाळचं बंद कर, नाहीतर फिल्टरच बदलावा लागेल आणि तोवर गाडी कधीही मान टाकेल.

मी घरी आले आणि कोणालाच काही बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो जिन्यातूनच ओरडला असता, 'अहो बाबा, तुम्हीच घोळ घातलात.' त्याच्या मनात वाईट नसतं, पण त्याचं बोलणं मला ठाऊक आहे. जेवताना बाबांनी विचारलं, 'सोमवारी किती वाजता?' मी वेळ सांगितली. त्यांनी मान हलवली. 'मग सहालाच जातो खाली,' म्हणाले.

शनिवारी सकाळी मला जाग आली ती त्या आवाजानेच. सुट्टीचा दिवस होता, पण गाडी रोज सुरू करायची हा त्यांचा नियम. मी पडून ऐकत राहिले. एकदा वाटलं, जाऊ दे, सोमवार होऊन जाऊ दे, मग बघू. मग वाटलं, सोमवारीच दिवा लागला तर? मी नाइटीवर कोट चढवला, पायात सपाता घातल्या आणि खाली गेले.

गाडीच्या काचेवर टकटक केलं. त्यांनी आतून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. मी त्यांच्या शेजारी बसले. आत छान ऊब होती.

'बाबा, बंद करा.'

'अगं, अजून काटा वर आला नाही.'

'बंद करा ना. बोलायचंय.'

त्यांनी किल्ली फिरवली. मी सगळं सांगितलं. काजळी, फिल्टर, मेकॅनिक बाई काय म्हणाली ते. आडपडदा ठेवला नाही. माझ्या कामात एक गोष्ट मी शिकले आहे. दुखेल का असं पेशंटने विचारलं तर नाही म्हणायचं नाही.

ते समोरच्या काचेतून बघत होते. 'म्हणजे हे माझ्यामुळे.'

'एकट्या तुमच्यामुळे नाही. डिझेल घेतली ती चूकच झाली. मी गावातल्या गावात फिरते, ते पण आहे.'

'पण माझ्यामुळे पण.'

'हो,' मी म्हटलं.

त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मग दार उघडायला लागले. त्यांना असं घरात जाऊ देणं मला बरं वाटेना. मी म्हटलं, 'थांबा. हिला मोटरवेवर पळवायचीय. मी कपडे बदलून येते. तुम्ही इकडे बसा, या बाजूला.'

आम्ही एम-वनला लागलो आणि दक्षिणेकडे निघालो. रस्ता मोकळा होता, उजाडत होतं. गाडी पहिल्यांदा जरा कुरकुरली आणि मग अशी सुटली की मलाच नवल वाटलं. इतके महिने मी ही गाडी चालवत होते आणि ती पळते कशी हे मला माहीतच नव्हतं. वेकफील्डच्या पाट्या मागे पडल्या तेव्हा बाबा म्हणाले, 'हिचं ऑपरेशन झालं तेव्हा तू रोज फोन करायचीस.'

सासूबाईंबद्दल बोलत होते ते. पुण्यात त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुबा मोडला होता. मी इथून रोज फोन करून सांगायचे, त्यांना उठवा, बसवा, वॉकर धरून चालवा. दुखलं तरी चालवा.

'ती कण्हायची,' बाबा म्हणाले. 'मला बघवायचं नाही. मी तुला फोनवर हो म्हणायचो आणि तिला म्हणायचो, राहू दे आज, उद्या उठू. हवं ते अंथरुणात आणून द्यायचो. उशी, चहा, पेपर. एका हाकेसरशी. सगळे म्हणायचे, बघा कसं करतायत बायकोचं.'

मला हे ठाऊक होतं. तिथल्या फिजिओने मला कळवलं होतं. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता आणि तो पुरता गेलाही नव्हता. पण तो राग घेऊन त्यांच्या शेजारी बसणं त्या सकाळी मला जमेना.

'बाबा, त्यांचं हृदय पण कमजोर होतं.'

'होतं. पण चालती राहिली असती तर?'

मला ते खरंच माहीत नव्हतं, आणि जेवढं माहीत होतं तेवढं बोलायची ती वेळ नव्हती. पुढच्या जंक्शनला मी गाडी वळवली आणि आम्ही परत आलो.

सोमवारी गाडी कुरकुर न करता चालली. काच मी पट्टीने खरवडली. बाबा खिडकीत उभे होते, त्यांनी हात केला. मॅनेजर माझ्याबरोबर बसली आणि आम्ही एका म्हाताऱ्या जोडप्याकडे गेलो. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. आजोबा दारातच म्हणाले, 'आज नको, तिला रात्री झोप लागली नाही, तिला पडू दे.' त्यांच्या हातात घडी केलेलं ब्लँकेट होतं. एरवी मी अशा माणसांना जरा टोकते. मॅनेजर बघत होती, वेळ ठरलेली होती आणि माझी नोकरी त्या एका तासावर होती. पण मी त्यांना टोकलं नाही. म्हटलं, तुम्हीच तिचा एक हात धरा, एक मी धरते. आजी उठल्या. कण्हत, शिव्या देत, पण खिडकीपर्यंत गेल्या आणि बागेकडे बघत उभ्या राहिल्या. आजोबांनी त्यांचा हात सोडला नाही. परत गाडीत बसल्यावर मॅनेजर म्हणाली, 'तू राहतेयस. कागद नंतर येतील.' मी फक्त बरं म्हटलं. बोलले असते तर रडले असते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा नवरा फोनवर केंब्रिजला विजय कळवत होता. फिल्टर तुंबला होता एवढंच मी त्याला सांगितलं होतं. 'बघ, गाडीत दोष नव्हताच. अमेरिकन इंजिन आहे, पळवलं की पळतं.' पलीकडून मित्र काय म्हणत असेल ते मला न ऐकताही कळलं. माझी नोकरी राहिली हे ऐकल्यावर नवऱ्याने फोन तसाच ठेवून मला जवळ घेतलं, हेही सांगायला हवं.

बाबा स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. नोकरीचं त्यांनी आतूनच ऐकलं होतं. मी समोर बसले आणि एक शेंग उचलली.

'कोणाकडे होतं आज?' त्यांनी विचारलं.

'खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी.'

'उठल्या?'

'उठल्या. नवरा नको म्हणत होता. पण खिडकीपर्यंत गेल्या.'

बाबांनी हातातली शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले.

'त्याला रागावू नकोस हं,' ते म्हणाले. 'कळत असतं त्याला सगळं. भीती वाटते, म्हणून निजवून ठेवतो माणूस.'